मदत हवी आहे: नोव्हगोरोड, उत्तरेचा मुलूख आणि राजाच्या सत्तेला लगाम

मंडळी जरा मदत करा, एमएच्या सेमिनारला जुन्या रशियाचा विषय घेऊन बसलेय आणि आता गुंता झालाय. नोव्हगोरोड या वायव्य रशियातल्या शहराचा मुलूख पार उत्तरेकडे द्विना, पेचोरा नद्या आणि युग्रा प्रांतापर्यंत, तिथून खंडणीत फर यायची आणि शहराचा पैसा बराचसा त्यावरच. तर 1264 च्या सुमाराच्या करारात ते राजालाच बजावतात की हे प्रांत तुझ्या माणसांनी नाही, नोव्हगोरोडच्याच माणसांनी सांभाळायचे (काय धाडस बघा!). मग मला असं वाटतं की राजावर अटी घालायची कल्पना नुसती वेचे म्हणजे नगरसभेतून नाही, तर या लांबच्या फरच्या मुलखावर कब्जा कोणाचा या भांडणातूनही पक्की झाली असेल, हे बरोबर आहे का ओढूनताणून?

दुसरं म्हणजे 1397 मध्ये द्विनावाले नोव्हगोरोड सोडून मॉस्कोच्या बाजूला गेले तेव्हा मॉस्कोचा राजा पहिला वासिली याने त्यांना सनद दिली, त्यात त्याच्याच सुभेदाराच्या अधिकारांना मर्यादा आहेत. पुढच्याच वर्षी नोव्हगोरोडने मुलूख परत घेतला म्हणा. पण ही सनद म्हणजे हक्क मानणं की सरहद्दीवरच्या लोकांना फोडायची लालूच? 1478 ला मॉस्कोच्याच तिसऱ्या इव्हानने तर नोव्हगोरोड घेऊन वेचे बोलावायची घंटाच मॉस्कोला नेली, म्हणून शंका येते. रशियन येत नाही, इंग्रजी किंवा मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर प्लीज सांगा, गुरुवारी बोलायचंय.