शुक्रजंतूंची संख्या कमी असणे : तपासणी आणि उपचारांचे अनुभव

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये कारण पुरुषाकडेही असते. तरी तपासण्या बहुधा बाईपासून सुरू होतात आणि पुरुषाची साधी वीर्यतपासणी मागे पडते. ज्यांचा रिपोर्ट कमी आला आणि ज्यांनी पुढे उपचार घेतले, त्यांनी इथे लिहावे. औषधांची नावे चालतील, मात्रा मात्र लिहू नयेत.

अनुभव १
पहिल्या रिपोर्टमधली संख्या इतकी कमी होती की आम्ही थेट टेस्ट ट्यूब बेबीची चौकशी सुरू केली. मूत्ररोगतज्ज्ञांनी मात्र आधी विचारले, की गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला का. तो आला होता. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर यायला आणखी काही दिवस जातात, त्यामुळे आजच्या नमुन्यात दिसते ती तेव्हाची प्रकृती, असे त्यांनी समजावले. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा वाढला, पण पुरेसा नाही. मग त्यांनी मला उभे करून, श्वास रोखून जोर करायला लावून हाताने तपासले, तेव्हा डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, लागल्या. आधीच्या दवाखान्यात माझी अशी तपासणी कोणी केलीच नव्हती. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात, केवळ सोनोग्राफीत दिसल्या म्हणून नाही. माझी शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली झाली, पहिल्या तीन महिन्यांत आकडा हलला नाही आणि त्यानंतर तो हळूहळू वाढत गेला.

अनुभव २
माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य होते. व्यायामशाळेतल्या ओळखीतून तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत होता. हे हार्मोन बाहेरून मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणे जवळजवळ थांबवते, आणि वृषणांचे काम ठप्प होते. पौरुष वाढवणारे म्हणून जे विकले जाते, तेच बाप होण्याच्या आड येते, हे जाहिरातीत कोण सांगणार? इंजेक्शने बंद केली, डॉक्टरांनी एलएचसारखे काम करणारे एचसीजी हे हार्मोन सुरू केले आणि शुक्रजंतू परत दिसायला बरेच महिने लागले.

अनुभव ३
मोठ्या आतड्याच्या दाहासाठी मला सल्फासलाझिन चालू होते. त्याने संख्या घटते आणि औषध बदलल्यावर बहुधा पूर्ववत होते. डॉक्टरांनी मेसालाझिन दिले आणि तेवढ्यावर काम झाले.

अनुभव ४
मी प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यापूर्वी 2 ते 7 दिवस वीर्यपात टाळायला हवा, घरून आणायचा असेल तर तो तासाभरात, कपड्यांच्या आत अंगाशी धरून आणावा, आणि सुरुवातीचा भाग सांडला असेल तर संकोच न करता सांगावे, कारण बहुतेक शुक्रजंतू त्यातच असतात. रिपोर्टवरची प्रति मिलिलिटर 1 कोटी 60 लाखांची मर्यादा म्हणजे पास-नापासाची रेषा नव्हे. ज्यांच्या पत्नींना वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांपैकीही 5 टक्क्यांची संख्या तिच्याखाली होती. राहता राहिली जस्त आणि फॉलिक ॲसिडची पूड : 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत त्यांनी ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना जन्मांचे प्रमाण वाढले.

अनुभव ५
माझ्याही रिपोर्टमध्ये शून्य आले, पण मार्ग कुठे अडलेला नव्हता. एफएसएच वाढलेले आणि वृषणे लहान होती. जनुकीय तपासणीत वाय गुणसूत्राचा एझेडएफसी हा शुक्रजंतू तयार होण्यासाठी लागणारा तुकडा गळालेला निघाला. त्याच गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा तुकडा पूर्ण गळाला असता तर वृषणात शोधूनही काही मिळण्याची आशा जवळजवळ नसते. माझ्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून थोडे शुक्रजंतू मिळाले आणि ते गोठवून ठेवले आहेत. इक्सीने, म्हणजे एकेक शुक्रजंतू बीजांडात टोचून, गर्भ तयार करता येईल, मात्र मुलगा झाला तर हाच दोष त्याच्याकडे जाईल. समुपदेशकांनी हे आम्हा दोघांना एकत्र बसवून सांगितले, आणि आमचा निर्णय अजून व्हायचा आहे. या टप्प्यातून गेलेल्या जोडप्यांनी अवश्य लिहावे.