मदत हवी आहे: टायर प्रेशरचा लाईट सकाळी लागतो, दुपारी गायब

मंडळी, नाशिकला थंडी पडल्यापासून रोज सकाळी गाडी चालू केली की तो पिवळा उद्गारचिन्हवाला लाईट लागतो आणि थोडं अंतर गेलं, टायर गरम झाले की आपोआप बंद. थंडीत हवा आकसते, दहा डिग्रीला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होणार हे ठीक, पण मग चारही टायरला सारखंच व्हायला हवं ना? माझ्या तीन टायरला ३१ दाखवतंय आणि मागच्या डाव्याला २६!! पंक्चरवाल्याने चाक काढून पाण्यात बुडवलं, एक बुडबुडा नाही. तो म्हणतो चाकातल्या प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरची बॅटरी गेली, पण सेन्सर गेला तर लाईट आधी मिनिटभर ब्लिंक होतो असं मॅन्युअलमध्ये आहे, माझा सरळ पेटलेलाच राहतो. पंपावरचा मुलगा नायट्रोजन भरा म्हणतोय (साध्या हवेत ७८ टक्के तेच असतं की राव). व्हॉल्व्हची पिन बदलून कुणाचं काम झालंय का? की अलॉय व्हीलच्या (चाकाच्या धातूच्या रिमच्या) कडेतून गळत असेल? रविवारी आईबाबांना घेऊन वणीला गडावर जायचंय, घाटात रिस्क नको, प्लीज लवकर सांगा.