बेशुद्ध पेशंटला न विचारता औषधाच्या ट्रायलमध्ये (चाचणीत) घेणं, पटतं का?

कट्टेकर: अमेरिकेत १९९६ पासून नियम आहे, पेशंट बेशुद्ध, जीव धोक्यात, नातेवाईक शोधायला वेळ नाही, तर संमतीशिवाय ट्रायलमध्ये घेता येतं. आधी त्या भागातल्या लोकांशी बोलायचं, जाहीर करायचं वगैरे अटी आहेत. मला नाही पटत. याच नियमाखाली झालेली पॉलिहीमची ट्रायल बघा, रक्ताला पर्याय म्हणून काढलेलं. अँब्युलन्समध्ये रक्त नसतं म्हणून सलाइनऐवजी ते दिलं, एकवेळ ठीक, पण हॉस्पिटलात पोचल्यावर रक्त हाताशी असताना १२ तासांपर्यंत तेच चढवत राहिले! नको असेल तर निळं ब्रेसलेट घाला म्हणे. अपघात होईल म्हणून कोण ब्रेसलेट घालून भाजी आणायला जातं?? ३० दिवसांत पॉलिहीमवाले १३.४ टक्के गेले, सलाइन आणि मग रक्त मिळालेल्या दुसऱ्या गटात ९.६.

नाईट ड्यूटी: आता दुसरी बाजू ऐका. डोक्याला मार लागला की स्टेरॉइड द्यायचं हे वर्षानुवर्षं चालू होतं, सूज उतरते म्हणून. क्रॅश नावाच्या ट्रायलमध्ये डोक्याला मार लागलेले १०,००८ पेशंट घेतले, २००४ ला रिझल्ट आला, दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाले २१.१ टक्के गेले आणि प्लासिबोवाले (नुसतं नावाला औषध दिलेले) १७.९. म्हणजे आधी आम्ही कुणालाही न विचारता माणसं मारतच होतो, फक्त त्याला ट्रीटमेंट म्हणत होतो. तेव्हा कोणी संमती मागितली नाही.

कट्टेकर: पण तिथे स्टेरॉइडने फायदा होतो की तोटा हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. इथे रक्त चालतं हे शेंबड्या पोरालाही माहितीये. आणि नातेवाईक आले की त्यांना तरी विचारा ना.

नाईट ड्यूटी: हॉस्पिटलातला भाग मीपण डिफेंड करत नाही.

उगाच एक: नातेवाईकांच्या सहीचं कौतुक नका सांगू राव. वडिलांना ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा रात्री दीडला आयसीयूबाहेर सिस्टरने कागदांचा गठ्ठा पुढे केला, पेनाने फुल्या मारलेल्या, इथे, इथे आणि इथे. चष्मा गाडीत राहिलेला. केल्या सह्या. त्यात ट्रायलचा कागद असता तरी केली असती.

मुक्ता: शुद्धीवर आल्यावर तरी सांगतात का?

नाईट ड्यूटी: हो, त्या नियमात आहे, शक्य तितक्या लवकर सांगायचं, नको असेल तर बाहेर पडता येतं. पेशंट गेला तर घरच्यांना सांगायचं.

उगाच एक: म्हणजे बॉडी ताब्यात घेताना अजून एक फुली.