लॅपचिक: प्रशिक्षक होण्याआधीचा

कुणीतरी म्हटलंय की बास्केटबॉल प्रशिक्षक जो लॅपचिकने न्यूयॉर्क निक्स या एनबीए (अमेरिकी व्यावसायिक लीग) संघाला एकही विजेतेपद दिलं नाही. बरोबर, १९५१ ते ५३ सलग तीन अंतिम फेऱ्या हरले. पण १९५१ला रॉचेस्टरविरुद्ध ०-३ वरून मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली, हेही सांगा की राव!

आणि त्याचं खेळणं? तो ओरिजिनल सेल्टिक्स या न्यूयॉर्कच्या जुन्या व्यावसायिक संघाचा (बोस्टनचा नव्हे) सेंटर, उंची सहा फूट पाच इंच. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी उडवत आणि दोन्ही संघांचे सेंटर त्यासाठी उडी मारत. उडी जिंकणारा गडी असला की चेंडू परत आपल्याच हातात.

न्यूयॉर्क रेन्स या कृष्णवर्णीय संघाच्या टार्झन कूपरला तो सामन्याआधी भर मैदानात मिठी मारायचा. त्या काळात! १९५०ला निक्समध्ये नॅट क्लिफ्टन हा कृष्णवर्णीय खेळाडू आला तेव्हाही प्रशिक्षक हाच.