आजींच्या भिंतीवरची ओल आणि मंत्र्यांना पत्र

प्रेषक: मीनल
दिनांक: १९ जानेवारी २०२६
विषय: सह्या हव्या आहेत, तातडीने

नमस्कार मंडळी,

गणपतीत उकडीच्या मोदकांना पहाटेपासून बसणाऱ्या आपल्या आजी सगळ्यांना माहीत आहेत. शनिवारी तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेले होते. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या नगरपालिकेचं भाड्याचं घर, तीन मजली इमारतीत सर्वांत वर. दार उघडलं आणि आधी वास आला, बंद पेटी बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर येतो तसा. झोपायच्या खोलीत कपाटामागची अख्खी भिंत काळी पडली आहे. खाली जमिनीपासून नाही, वर छताच्या कोपऱ्यातून ओल उतरली आहे. आजींनी देव्हारा त्या भिंतीवरून काढून स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हशेजारी ठेवला आहे. ट्रंकेतली पैठणी काढून दाखवली, तर पदरावर पांढरे ठिपके. रात्री दोनदा-तीनदा उठून दम्याचा पंप घ्यावा लागतो.

सप्टेंबरपासून त्यांनी कौन्सिलला चार वेळा फोन केला. दोनदा "जॉब काढला आहे", म्हणजे दुरुस्तीची नोंद केली आहे, असं सांगितलं. एकदा एक जण येऊन बुरशीवर फवारा मारून गेला. आणि चौथ्यांदा उत्तर मिळालं की खिडक्या उघड्या ठेवा, रेडिएटरवर कपडे वाळवू नका, फोडणीच्या वेळी दार लावून घ्या. आजी हे सांगताना खाली बघत होत्या, जणू चूक त्यांचीच आहे.

मला गप्प बसवत नाही. कौन्सिल ज्यांच्या हाताखाली आहे त्या गृहनिर्माण मंत्र्यांनाच पत्र लिहायचं ठरवलं आहे. मंडळाच्या दोनशे सह्या मिळाल्या तर दखल घ्यावीच लागेल. मसुदा उद्या पाठवते.

मीनल


प्रेषक: विद्या
दिनांक: २० जानेवारी २०२६
विषय: उत्तर: सह्या हव्या आहेत, तातडीने

प्रिय मीनल,

सही माझी पहिली घे. पण पत्र पोस्टात टाकायच्या आधी हे वाच. मी तेवीस वर्षं एका कौन्सिलच्या हाऊसिंग विभागात काढली आहेत आणि मंत्र्यांकडे गेलेल्या अशा पत्रांचं पुढे काय होतं ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे. काही आठवड्यांनी सभ्य उत्तर येतं: वैयक्तिक प्रकरणात मंत्र्यांना हस्तक्षेप करता येत नाही, कृपया आपल्या घरमालकाकडे रीतसर तक्रार करा. तोपर्यंत फेब्रुवारी संपलेला असेल, आणि आजी त्याच खोलीत झोपत असतील.

कौन्सिल सरकारच्या हाताखाली आहे हे अर्धंच खरं. मंत्री संस्थेवर नजर ठेवतात, भिंतीवर नाही. भिंतीसाठी कायद्याने वेगळी वाट केली आहे, आणि ती एका लहान मुलाच्या जिवाच्या मोलाने झाली आहे.

रॉचडेलचा आवाब इशाक. आईवडील सुदानहून आलेले, एका हाऊसिंग असोसिएशनच्या (भाड्याने घरं देणारी ना-नफा संस्था) एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होते. वडिलांनी बुरशीची तक्रार पहिल्यांदा २०१७ मध्ये केली. रंग मारून घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये, दुसरा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले असताना आवाब गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, निकाल दिला की मृत्यू घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झाला. त्या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण मनाशीच समजुती करून घेतल्या होत्या, हे त्या संस्थेने नंतर कबूल केलं. मीनल, "फोडणीच्या वेळी दार लावून घ्या" हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो यामुळे. भाडेकरूंच्या तक्रारींचा स्वतंत्रपणे निवाडा करणाऱ्या हाऊसिंग ओम्बड्समनने २०२१ मध्येच ओल आणि बुरशीवर अहवाल काढला होता, आणि हा राहणीमानाचा दोष नव्हे हे त्याच्या नावातच लिहिलं होतं. आजींना हे वाक्य मराठीत वाचून दाखव. त्यांची मान वर झाली पाहिजे.

आवाबच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या आणि हाऊसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंना लागू झाला आहे. धोकादायक ओल-बुरशी असण्याची शक्यता मालकाला कळली की कामाच्या दहा दिवसांत तपासणी झाली पाहिजे. तपासणी संपल्यावर तीन दिवसांत काय आढळलं ते लेखी द्यायचं आणि पाच दिवसांत घर सुरक्षित करायचं, हेही कामाचेच दिवस. ओल पुन्हा येऊ नये म्हणून करायचं मोठं काम त्या पाच दिवसांत सुरू करता आलं नाही तर बारा आठवड्यांच्या आत सुरू झालंच पाहिजे. जिवाला लगेच धोका असेल तर चोवीस तास. आणि मुदतीत घर सुरक्षित करता येत नसेल तर मालकाने स्वतःच्या खर्चाने राहायची दुसरी सोय द्यायची. धोका किती मोठा हे ठरवताना राहणाऱ्याचं वय आणि आजार पाहायचा असतो, म्हणून आजींचा दमा पहिल्याच ओळीत लिही.

आता फोन नको. ईमेल कर, आणि "ही औपचारिक तक्रार आहे" हे शब्द विषयातच घाल. "रिपेअर" कळवणं आणि "तक्रार" करणं या तिथे दोन वेगळ्या फायली आहेत. नुसता रिपेअर नोंदवला तर जॉब नंबर मिळतो, तक्रारीला मात्र घड्याळ लागतं. पाच दिवसांत पोच, पोच दिल्यापासून दहा दिवसांत पहिल्या टप्प्याचं उत्तर. पटलं नाही तर दुसरा टप्पा, त्याला वीस दिवस. हे सगळे कामाचे दिवस. हे नियम १ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहेत. दुसऱ्या टप्प्यानंतरही समाधान झालं नाही तर हाऊसिंग ओम्बड्समनकडे थेट जाता येतं, फुकट. पूर्वी मध्ये खासदार किंवा नगरसेवक लागायचा, नाहीतर आठ आठवडे थांबावं लागायचं. ती अट ऑक्टोबर २०२२ मध्ये गेली. ओम्बड्समन दुरुस्तीचा आणि भरपाईचाही आदेश देऊ शकतात.

आजींचं संमतिपत्र जोड, नाहीतर "तुम्ही कोण?" यातच आठवडा जाईल. चार फोनच्या तारखा लिही. आजींच्या फोनमधल्या कॉलच्या यादीत सापडतील. फोटो काढताना भिंतीला टेपपट्टी लावून काढ, डाग केवढा ते दिसू दे.

सह्यांचं पत्र आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला दे. मतं त्याला हवी आहेत.

विद्याताई


प्रेषक: दिलीप
दिनांक: २१ जानेवारी २०२६
विषय: उत्तर: उत्तर: सह्या हव्या आहेत, तातडीने

विद्याताईंनी सविस्तर लिहिलं, आभार. पण मुळातला प्रश्न पैशाचा आहे. कौन्सिलांची तिजोरी रिकामी आहे. आम्ही बर्मिंगहॅममध्ये हे भोगलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ची नोटीस निघाली, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत असं कौन्सिलने जाहीर केलं, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने नेमलेले कमिशनर लंडनहून येऊन बसले. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, २०२४ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये साडेसात टक्के वाढला. आमच्या मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. ते सोडून इथे आलो तर इथेही तेच. ज्यांना आम्ही निवडलं नाही ते आमच्या वाचनालयांचे तास ठरवतात. मग तक्रार करून भिंतीला पैसे कुठून येणार?

दिलीप


प्रेषक: विद्या
दिनांक: २२ जानेवारी २०२६
विषय: उत्तर: कमिशनर आणि पैसे

दिलीपकाका,

तुमचा राग मला कळतो. वाचनालयाच्या दारावर बदललेल्या वेळांची पाटी पाहून मलाही रडू आलं होतं. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण "पैसे नाहीत" हे उत्तर आजींसारख्या माणसांना सर्रास दिलं जातं आणि ती ते ऐकून परत जातात.

कौन्सिलच्या घरांचं भाडं एका वेगळ्या खात्यात जातं, हाऊसिंग रेव्हेन्यू अकाउंट. १९८९च्या कायद्याने त्याला कुंपण घातलं आहे. भाड्याचा पैसा रस्त्यांवर, कचऱ्यावर किंवा पगारांच्या थकबाकीवर वळवता येत नाही, आणि कौन्सिल टॅक्सच्या खड्ड्यात तो ओतता येत नाही. या खात्यावरही ताण आहे, घरं जुनी झाली आहेत. तरी वाचनालय बंद होण्याचं कारण आणि आजींची भिंत न दुरुस्त होण्याचं कारण एक नव्हे. कलम ११४ म्हणजे दिवाळखोरीही नव्हे. १९८८च्या कायद्याप्रमाणे मुख्य वित्त अधिकाऱ्याने नवा खर्च थांबवायचा असतो, पण कायद्याने बांधलेली कामं चालूच राहतात. घर सुरक्षित ठेवणं त्यातलंच एक.

कमिशनरांबद्दल. १९९९च्या कायद्यात एक कलम आहे. कौन्सिल लोकांच्या पैशाचा नीट विनियोग करत नाही असं मंत्र्यांना वाटलं तर ते आदेश काढून काही अधिकार कमिशनरांकडे देऊ शकतात. त्यांचं मानधनही त्या कौन्सिललाच द्यावं लागतं, हे मला कधीच पटलेलं नाही. टॉवर हॅम्लेट्स, लिव्हरपूल, स्लाऊ, थरक, तुमचं बर्मिंगहॅम, अशी ही यादी आहे. नॉर्थहॅम्प्टनशायरची काउंटी कौन्सिल तर २०२१ मध्ये मोडून तिच्या जागी दोन नव्या केल्या. तरी मुंबईच्या प्रशासकाशी तुलना पुरती बसत नाही. तिथे सभागृहच उरलं नव्हतं. इथे नगरसेवक निवडलेले राहतात, सभा होतात, सभेचे कागद पाच दिवस आधी लोकांसाठी खुले होतात. बर्मिंगहॅमच्या सभेत तुम्ही आजही जाऊन बसू शकता.

मला खरी चूक दुसरीकडे दिसते. कौन्सिलांचे हिशेब तपासणारं ऑडिट कमिशन १९८३ पासून होतं, ते २०१५ मध्ये बंद केलं. त्यानंतर बाहेरच्या लेखापरीक्षकांचे अहवाल वर्षानुवर्षं रखडले. घर आतून कुजत असताना बघणारा डोळाच काढून टाकला, आणि छत कोसळल्यावर कमिशनर पाठवले. घरांच्या बाबतीत मात्र डोळा परत आला आहे. एप्रिल २०२४ पासून रेग्युलेटर ऑफ सोशल हाऊसिंग, म्हणजे अशा घरमालकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, हजारापेक्षा जास्त घरं असलेल्या प्रत्येक कौन्सिलची चार वर्षांतून एकदा तपासणी करतो आणि सी-१ (सर्वांत चांगली) ते सी-४ (सर्वांत वाईट) अशी श्रेणी जाहीर करतो. कित्येक कौन्सिलांना सी-३ मिळाला, आणि किती घरांची शेवटची पाहणी कधी झाली हेच त्यांना सांगता आलं नाही, असं त्या निकालांमध्ये लिहिलेलं मी वाचलं आहे. रेग्युलेटर एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, पण आजींसारख्या तक्रारी लेखी साठल्या तर त्याच्या नजरेत येतात. फोनवर मिटवलेली तक्रार कुणालाच दिसत नाही.

अजून एक. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे म्हणून तुम्ही मतदार यादीत नाव घातलं नाही असं मागे म्हणाला होता. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना कौन्सिललाही मत देता येतं आणि पार्लमेंटलाही. मे महिन्यात बर्मिंगहॅमची निवडणूक आहे. नाव घाला काका.

विद्याताई


प्रेषक: अनिकेत
दिनांक: २२ जानेवारी २०२६
विषय: उत्तर: कमिशनर आणि पैसे

विद्याताई, मी वर्क व्हिसावर आहे, खासगी घरमालक. बाथरूमला अशीच बुरशी आहे. आवाबचा कायदा मला लागू आहे का? आणि कौन्सिलला बोलावलं तर व्हिसाला अडचण येईल का? "पब्लिक फंड नाही", म्हणजे सरकारी भत्ते घेता येत नाहीत, असं कार्डावर आहे म्हणून विचारतो.

अनिकेत


प्रेषक: विद्या
दिनांक: २२ जानेवारी २०२६
विषय: उत्तर: उत्तर: कमिशनर आणि पैसे

अनिकेत, तुला तो अजून लागू नाही. पण तुझ्या कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाला लिही. २००४च्या हाऊसिंग ॲक्टखाली ते घर तपासतात आणि पहिल्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत गंभीर, धोका सापडला तर कौन्सिलला कारवाई करावीच लागते. घर तपासायला बोलावणं म्हणजे पब्लिक फंड घेणं नव्हे, निर्धास्त राहा. मालक घर सोडायला सांगेल ही भीती खरी आहे, पण कारण न देता घर खाली करायला लावणारं कलम २१ यंदाच्या १ मेपासून रद्द होत आहे. आधी मालकाला ईमेल कर म्हणजे तारीख राहील.

विद्याताई


प्रेषक: मीनल
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६
विषय: आजींच्या घराची बातमी

मंडळी,

तक्रार २१ जानेवारीला पाठवली, आजींच्या सहीचं पत्र आणि अकरा फोटो जोडून. २६ला पोच आली. २ फेब्रुवारीला, म्हणजे कामाच्या आठव्या दिवशी, सर्व्हेअर आल्या. मी रजा काढून गेले होते. त्यांनी दोन टाचण्यांचं छोटं यंत्र भिंतीत टोचलं, आकडा पाहिला, काही न बोलता खिडकी उघडून वर वाकून बघितलं आणि मला बोलावलं. छताचं गटर सांध्यापाशी फुटलं होतं आणि पावसाचं पाणी थेट विटांवर सांडत होतं, त्या म्हणाल्या निदान दोन हिवाळे तरी. आजींना मी मराठीत सांगितलं की पाणी बाहेरून येतंय, फोडणीचा काही संबंध नाही. त्या काही बोलल्या नाहीत. सर्व्हेअरबाईंसाठी चहा ठेवायला उठल्या.

लेखी अहवाल ५ तारखेला आला, त्यात गटरचं कारण स्पष्ट लिहिलं आहे. ६ला भिंत धुऊन औषध लावलं, ९ला गटर बदललं. तोवर आजी आमच्याकडे राहिल्या. आतलं प्लास्टर काढून नवं करणं आणि ओल खेचणारा पंखा बसवणं बाकी आहे. बारा आठवडे २७ एप्रिलला भरतात. आजींच्या कालनिर्णयवर त्या चौकोनात लाल पेनाने खूण केली आहे.

पहिल्या टप्प्याचं उत्तरही ९ला आलं. गटरबद्दल माफी आहे, पण सप्टेंबरपासूनच्या चार फोनबद्दल एक शब्द नाही. आजी म्हणाल्या, "मिटलं ना, सोड आता." मी सोडणार होते. मग त्याच म्हणाल्या की खालच्या मजल्यावरच्या सोमाली बाईंच्या बाळालाही खोकला आहे आणि त्यांनाही खिडक्याच उघडायला सांगितलं आहे. काल दुसऱ्या टप्प्याची तक्रार आजींच्या नावाने गेली. शनिवारी विद्याताई आणि मी खालच्या बाईंकडे जाऊन त्यांची पहिली तक्रार लिहिणार आहोत. कुणाला सोमाली येणारं ओळखीचं असेल तर कळवा, दुपारी दोनला निघू.

मीनल