मुलतानी मातीच्या पुडीवरचा 'फुलर' कोण?

प्राजक्ता_के: मुलतानी मातीची पुडी आणली, तिच्यावर इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' छापलंय. हा फुलर म्हणजे माती शोधून काढणारा कोणी साहेब का? हे आडनाव बऱ्याच इंग्रजांचं असतं. अर्थ काय त्याचा? जाणकारांनी सांगावं.

सानिका: शोधकच असेल. डिझेलला नाही का त्या जर्मन इंजिनियरचं नाव मिळालं.

लोकरवाला: शोधक नव्हे. फुलर हा धंदा, आपल्याकडे रंगारी तसा. माझी सगळी नोकरी लोकरीच्या गिरणीत फिनिशिंग खात्यात झाली, म्हणून या आडनावाबद्दल मला फार आपुलकी आहे.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ओलं करून ते तुडवलं की तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, घट्ट होतं. आम्ही याला मिलिंग म्हणायचो. आत जाताना ज्या ताग्यातून पलीकडचा उजेड दिसायचा, तोच बाहेर आल्यावर वीणसुद्धा दिसायची नाही. आजही हात लावल्याबरोबर सांगेन मिलिंग कच्चं राहिलंय की नाही.

मध्ययुगीन इंग्लंडात हे काम माणसं पायांनी करत. हौदात कापड, त्यात शिळी लघवी (तिच्यातल्या अमोनियाने चरबी सुटते) आणि तेल शोषून घेणारी ही माती. म्हणून ती फुलरची माती. असल्या घाणीत उभं राहून ज्यांनी अख्ख्या देशाला उबदार कपडे घातले, त्यांचं नाव निदान आडनावात तरी टिकलं याचं मला समाधान वाटतं.

मुळात शब्द लॅटिन, 'फुल्लो'. दक्षिणेत आणि पूर्वेकडे या कारागिराला फुलर म्हणत, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर आणि उत्तरेत वॉकर. वॉकर म्हणजे पायी हिंडणारा असं लोक धरून चालतात, पण तोही कापड तुडवणाराच! पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले ते बाराव्या शतकाच्या अखेरीस; यॉर्कशायरमधल्या अशा चक्कीची नोंद 1185 ची आहे. सामान्य लोकांची आडनावं पक्की झाली ती बहुतेक त्यानंतर. म्हणजे कित्येक ठिकाणी तुडवणं थांबलं तरी वॉकर मात्र राहिले.

प्राजक्ता_के: टकरसुद्धा? कुठे अजून खूण आहे का त्यांची?

लोकरवाला: एक्सेटर शहरात टकर्स हॉल उभा आहे, 1471 पासूनचा. विणकर, टकर आणि कापडाची लव कातरणारे यांच्या संघाची वास्तू.

रसायन_बाई: बारावीला फुलरीन शिकवते, साठ कार्बन अणूंचा चेंडू. 1985 साली सापडला तेव्हा घुमटाकार इमारती रचणाऱ्या बकमिन्स्टर फुलरचं नाव त्याला दिलं. या वर्षी मुलांना हौदापासूनच सांगायला सुरुवात करणार.

प्राजक्ता_के: सगळ्यांचे आभार. लोकरवाले काका, मग शालीवर पडलेल्या तेलाच्या डागाला ही माती चालेल?

लोकरवाला: चालेल. कोरडीच भुरभुरा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ ब्रशने झटका. पाणी लावू नका. शाल फिक्या रंगाची असेल तर आधी काठाच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा.