जोधपूरला घर बांधतोय, मधला चौक ठेवावा का? आणि उन्हाचं काय करावं?

गलाईवाल्यांची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे विट्याकडचे, गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यापायी मामा (सासरे) जोधपूरला आले त्याला ३५ वर्षं झाली, आता सगळं इथलंच झालंय. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढली, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम लागतो आणि पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते, लेकरं ओली चादर पांघरून झोपतात. आता शहराबाहेर ३० बाय ६० चा प्लॉट घेतलाय, रस्ता पश्चिमेला. राहणार सातजण, आत्या (सासूबाई)-मामा धरून.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं आरसीसी फ्रेम, बाहेरनं सहा इंची ब्लॉक, पुढं मोठी काच, आणि प्रत्येक खोलीत एसी. आत्यांना मध्ये चौक पाहिजे, त्यात तुळस, आणि पावसाच्या पाण्याचं टाकं, इथल्या जुन्या घरांत असतं तसं. तो म्हणतो चौकात जागा वाया जाते, एक बेडरूम कमी होते. मला आत्यांचं पटतंय पण मांडता येत नाही, माहितगारांनी सांगा. परत बांधणं होणार नाही आमच्याच्यानं.

साईटवरचा

ताई, मी सिव्हिलवाला, बाडमेर-जैसलमेर पट्ट्यात सहा वर्षं साईटवर होतो. आधी काच रद्द करा. पश्चिमेची काच म्हणजे दुपारी तीन ते सात घरात शेगडी. जोधपूरला जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ८७ अंशांवर, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात तोच सूर्य ४० अंशांवर उतरतो तेव्हा ऊन छज्ज्याखालनं आत येतं, थंडीत पाहिजेच असतं ते. पण पश्चिमेचा सूर्य आडवा येतो, त्याला छज्जा काहीच करत नाही. म्हणून त्या बाजूला जिना, कोठीची खोली, संडास-बाथरूम असलं ठेवा, भिंत जाड, उघडी जागा कमीत कमी. लू (उन्हाळ्यातला गरम वारा) आणि आंधी (धुळीचं वादळ) पण मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडनंच येते.

दुसरं छप्पर. तुम्ही रात्री जे भोगताय ते स्लॅबमुळं, दिवसभर तापतो आणि रात्री खाली सोडतो. वर चुन्याचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या. कोब्याच्या आत मातीची मडकी उपडी घालतात, त्यातली हवा गरमी अडवते. कारागीर जुना बघा, नव्या पोरांना चुन्याचं काम जमतंच असं नाही. एसीला जे पैसे जाणार होते त्यातले आधी छपरावर घाला.

भिंतीला तुमच्याकडं छित्तरचा दगड (इथला वालुकाश्म) मिळतो, उमेद भवन राजवाडा त्याचाच आहे, तो सोडून ब्लॉक कशाला? दीड फुटी दगडी भिंतीतनं बाहेरची गरमी आत पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे दुपारची आग रात्री आत येते आणि तेव्हा तुम्ही गच्चीवर असता. पण रात्री खिडक्या उघडून भिंत गार केली नाही तर चार दिवसांनी जाड भिंतसुद्धा तापून बसते. म्हणून जाळीच्या खिडक्या हव्यात, रात्रभर निर्धास्त उघड्या ठेवता येतील अशा.

दुबईकर_मिरजेचा

मी दुबईत १४ वर्षं. इथं अल फहिदी म्हणून जुना भाग आहे, बस्तकिया पण म्हणतात, इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेला. समुद्रातल्या प्रवाळ दगडाची घरं, आत अंगण, वर बारजील म्हणजे वाऱ्याचे मनोरे. मनोरा वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. बघून फार मोह होतो पण ताई, तुम्ही तो नाद करू नका. इथं हवा दमट, नुसता वारा अंगावर आला तरी माणसाला बरं वाटतं. तुमच्याकडं मे महिन्यात तोच मनोरा लू आणि धूळ घरात आणेल.

घेण्यासारखं वेगळं आहे. मजलिस, म्हणजे पाहुण्यांची खोली, पुढच्या दाराशीच असते, पाहुणा तिथंच बसतो, त्याला घरच्या बायकांच्या अंगणातनं जावं लागत नाही. आणि दारातनं आत बघितलं तर समोर भिंत, वळून गेल्यावर अंगण. तुमच्याकडच्या जुन्या घरांतही पुढं पोळ (दारातली देवडी) आणि बैठक असते ती ह्याचसाठी. त्यामुळं आतली खिडकी-दारं सताड उघडी टाकता येतात. आडोसा नसला की बायका पडदे ओढून बसतात आणि मग रात्रीचा वारा कितीही असू दे, आत येत नाही. कॉन्ट्रॅक्टर हे नकाशात मोजत नाहीत.

माळवदाखालचा

सोलापूरकडचा. आमचं घर माळवदाचं, तुळया, किलचण (तुळयांवरच्या लाकडी फळ्या), चिखल आणि वर पांढरी माती. दुपारी बाहेरनं आत आलं की डोळ्याला अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. तुमच्या मामांना विटा-आटपाडीकडचं माळवद आठवत असणार, विचारा. वाळवंट नसलं तरी तोही दुष्काळीच भाग.

एकच सांगतो, खोल्या मोजू नका, आधी घरातलं कोण किती वाजता कुठं बसतं ते लिहून काढा. आमच्याकडं आजी सकाळी पडवीत, दुपारी आतल्या अंधाऱ्या खोलीत, संध्याकाळी अंगणात आणि रात्री माळवदावर, उन्हाच्या मागंमागं सगळं घर सरकायचं. एकाच खोलीत चोवीस तास बसायचं म्हटलं तर ती गार करायला मशीनच लागणार.

गलाईवाल्यांची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. माळवदवाल्या दादांचं वाचून काल रात्री आत्यांजवळ वही घेऊन बसले. पहाटे पाचला निवडणं-टिपणं, दहापर्यंत स्वयंपाक, दुपारी दोघं आडवी, पाचनंतर शेजारच्या बायका, पापड-वड्या गच्चीवर, रात्री सगळे वर झोपायला. सातपैकी सहाजणांची संध्याकाळ चौकातच जाणार असं निघालं. मामा म्हणाले माळवदावर झोपायचो तेव्हा घोंगडं लागायचं. बेडरूम एक कमी चालेल, ठरलं.

आता विचारायचं म्हणजे चौक केवढा, स्वयंपाकघर कुठं, आणि तळघर करावं का? दुपारी झोपायला गार पडेल असं ह्यांना वाटतंय.

साईटवरचा

तळघर नको. जोधपूरला कालव्याचं पाणी आल्यापासून जुन्या शहराच्या बऱ्याच भागात जमिनीतलं पाणी वर चढलंय, कितीतरी तळघरांत पाणी भरतं. तुमचा प्लॉट बाहेर आहे, तरी शेजारच्या विहिरी-बोअर बघितल्याशिवाय तो खर्च करूच नका.

चौक १२ बाय १४ फुटांचा, दोन मजले उंच, वर उघडा. रुंद केलात तर तंदूर होतो, अरुंद आणि खोल पाहिजे. तरी जूनच्या दुपारी ऊन खाली उतरतंच, म्हणून वर कड्या बसवून घ्या, दिवसा जाड कापड ताणायचं आणि संध्याकाळी न विसरता काढायचं, रात्री फरशीची गरमी उघड्या आभाळात जाते. कापड तसंच राहिलं तर ती तिथंच कोंडते. तुळस कडेला ठेवा, दुपारची सावली मिळेल अशी. स्वयंपाकघर पूर्वेच्या टोकाला, म्हणजे चुलीची धग वाऱ्याबरोबर बाहेर जाईल, घरात फिरणार नाही.

एसीला मी अगदी नाही म्हणत नाही. मे-जूनमध्ये हवा कोरडी तोवर कूलर छान चालतो, जुलै-ऑगस्टात दमट झाली की तो नुसती ओल करतो आणि तेव्हा रात्रीही फारशी गार नसते. म्हाताऱ्या माणसांसाठी आतली एक खोली एसीची ठेवा, तिथं छपराला आणि भिंतीला आतून इन्सुलेशन. बाकी घराला गरज नाही.

टाक्याचा हिशोब सोपा आहे. जोधपूरला वर्षाला साधारण ३५० मिमी पाऊस. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्यात ३२ हजार लिटर पडतं, गळती-वाफ सोडून २५-२६ हजार हाती लागतं. पिण्या-स्वयंपाकाला सातजणांना मिळून रोज ५० लिटर धरले तरी वर्ष निघतं, पण टाकं तेवढं मोठं पाहिजे. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा वेगळा पाइप ठेवा, गच्चीवरची धूळ त्यात जाते. आणि टाकं संडासाच्या टाकीपासून जेवढं लांब ठेवता येईल तेवढं ठेवा.

गलाईवाल्यांची_सून

टाकं चौकाखाली घ्यायचं म्हणतायत मामा, संडासाची टाकी पश्चिमेला रस्त्याकडं. रविवारी छित्तरच्या खाणीवर दगड बघायला जातोय आणि चुन्याचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री सापडलेत, त्यांनी आधी केलेली दोन छपरं बघून घेणार. नकाशा कच्चा झाला की इथंच टाकते, तेवढा बघा दादा.